महाकाय यंत्रपुरुषांची कथा आणि रसिकांच्या शंका

काही कथा लेखकाने संपविल्या म्हणजे संपतात. काही कथा मात्र संपविल्या तरी संपत नाहीत. 'मोबाइल सूट गंडम' ही जपानी चित्रमालिका या दुसऱ्या वर्गात मोडते. ७ एप्रिल १९७९ रोजी नागोया शहराच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून तिचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. एकंदर ५२ भाग करावयाचे असा मूळ संकल्प होता; परंतु प्रेक्षक पुरेसे लाभेनात, तेव्हा ४३ भागांवरच ती आवरती घेण्यात आली आणि २६ जानेवारी १९८० रोजी तिच्यावर पडदा पडला. व्यवहाराच्या हिशेबाने ही कथा तेथेच निकालात निघाली होती. तथापि साडेचार दशके लोटल्यावरही तिला नव्या शाखा फुटतच आहेत. २०२२ साली एक नवी मालिका आली, २०२४ साली चित्रपट आला, २०२५ साली आणखी एक मालिका आली. आणि या साऱ्या पसाऱ्याविषयी रसिक जे प्रश्न विचारतात त्यांना तर अंतच नाही.

बीदरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात या प्रश्नांची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. प्रयोजन आहे, आणि ते दुहेरी आहे. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतल्या मराठी घरांतील मूल घरात मराठी बोलते, शाळेत कन्नड शिकते, बाजारात दखनी ऐकते आणि पूर्वेकडे चार कोस गेले की तेलुगूशी त्याची गाठ पडते. भाषांच्या अशा चौरस्त्यावर वाढणाऱ्या मुलाला परभाषेतील कथेचे भय वाटत नाही. मोबाइलच्या पडद्यावर मूळ जपानी संवाद आणि खाली इंग्रजी अक्षरे, एवढ्या भांडवलावर तो ती कथा आपलीशी करतो. हे पहिले प्रयोजन. दुसरे असे की, हेच मूल पडद्यावरून मान वर करते तेव्हा त्याला आकाशात खरी युद्धयंत्रे दिसतात. बीदर येथे भारतीय हवाई दलाचा तळ असून लढाऊ वैमानिकांना तेथे हॉक विमानांवर शिक्षण दिले जाते. कसरतींसाठी देशभर नावाजलेले 'सूर्यकिरण' पथक १९९६ साली येथेच उभे राहिले. ज्या गावात युद्धयंत्राचा आवाज रोजच्या ऐकण्यातला आहे, त्या गावातील मुलाने युद्धयंत्राच्या कथेतून काय घ्यावे, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

नवा प्रेक्षक पहिली शंका विचारतो ती ही की, हा यंत्रपुरुष म्हणजे 'रोबोट'च ना? उत्तर नकारार्थी आहे, आणि त्या नकारातच या मालिकेचे वेगळेपण साठलेले आहे. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून जगभर गेला; चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठबिगार. वेठबिगार करणारा कृत्रिम मनुष्य असा त्याचा मूळ अर्थ. अशा कृत्रिम मनुष्यांची कल्पना आपल्याकडेही जुनीच आहे. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, येथील सातवाहन राजाच्या दरबाराशी ज्या गुणाढ्याचे नाव परंपरेने जोडले जाते, त्याच्या बृहत्कथेवरून काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' रचला. त्यात राज्यधर नावाच्या सुताराने वसविलेल्या एका नगरीचे वर्णन आहे. त्या नगरीतील सारे नागरिक लाकडाचे असून यंत्राच्या योगाने हालचाल करतात. त्याच शतकातील भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांविषयी एक स्वतंत्र अध्याय असून त्यात लाकडी द्वारपालांचा आणि पाऱ्याच्या शक्तीने उडणाऱ्या पक्ष्याकृती विमानाचा उल्लेख येतो.

जपानमध्ये या कल्पनेला महाकाय रूप दिले ते मित्सुतेरु योकोयामा या चित्रकथाकाराने. १९५६ साली सुरू झालेल्या त्याच्या 'तेत्सुजिन २८' या चित्रकथेतील लोहपुरुष हा महायुद्धाच्या काळात जपानी सैन्यासाठी गुप्तपणे योजिलेले शस्त्र असतो. युद्ध संपते आणि ते शस्त्र एका लहान मुलाच्या हाती पडते. हा लोहपुरुष दूरनियंत्रकाने चालतो. ज्याच्या हाती नियंत्रक, त्याचा तो दास. मग तो हात सज्जनाचा असो की दुर्जनाचा. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ज्यांनी 'जायंट रोबॉट' ही मालिका पाहिली, त्यांना याच योकोयामाच्या दुसऱ्या एका यंत्रपुरुषाचे दर्शन घडले होते. पुढे १९७२ साली गो नागाई याच्या 'माझिंगर झेड'मध्ये चालक यंत्राच्या मस्तकात जाऊन बसला. आता यंत्र हे दास उरले नाही, ते चालकाचेच वाढलेले शरीर बनले. गंडमने हीच वाट पुढे नेली, पण यंत्राभोवतीचे दैवी वलय काढून टाकले. या कथेत यंत्रपुरुष कारखान्यात तयार होतात, त्यांना क्रमांक असतात, त्यांचे इंधन संपते, सुटे भाग मिळेनासे होतात आणि दुरुस्ती करणारे कामगार रात्रभर जागतात. रणगाडा किंवा लढाऊ विमान जसे, तसाच हा 'मोबाइल सूट'. त्याला 'सूट' म्हणण्याचे कारण असे की, अमेरिकन लेखक रॉबर्ट हाइनलाइन याच्या १९५९ सालच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' या कादंबरीतील सैनिक जे यंत्रकवच अंगावर चढवतात, त्याची प्रेरणा या कल्पनेमागे होती. तात्पर्य, गंडम हा स्वतःच्या बुद्धीने वागणारा कृत्रिम मनुष्य नव्हे. ते माणसाने घातलेले चिलखत आहे. चिलखताच्या कृत्यांचा जबाबही अर्थातच माणसालाच द्यावा लागतो.

दुसरी शंका शास्त्राभिमानी प्रेक्षकाची. १८ मीटर उंचीचा दोन पायांचा लोखंडी पुरुष खरोखर उभा राहू शकेल काय? बीदरच्या रहिवाशाला १८ मीटरांचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. महमूद गवान याने १४७२ साली उभारलेल्या मदरशाचा जो एक मनोरा अद्याप उभा आहे, तो याहून कितीतरी उंच आहे. परंतु मनोरा चालत नाही. चालणाऱ्या देहाचे गणित निराळे असते. १.८ मीटर उंचीच्या माणसाचे वजन ७० किलो धरले आणि त्याला सर्व बाजूंनी दहापट केले, तर उंची १८ मीटर होते. पण वजन दहापट न होता हजारपट, म्हणजे ७० टन होते. कारण वजन हे घनफळावर अवलंबून असते. उलट ज्या हाडांनी आणि पायांनी हे ओझे पेलावयाचे, त्यांच्या छेदाचे क्षेत्र शंभरपटच वाढते. म्हणजे प्रत्येक हाडावर येणारा ताण दसपट होतो. हत्तीचे पाय हरणाच्या पायांसारखे नाजूक नसून खांबासारखे असतात, याचे कारण हेच. यातूनच रसिकांनी एक गमतीदार निष्कर्ष काढला आहे. मालिकेच्या कर्त्यांनी गंडमचे मूळ वजन ४३.४ टन आणि पूर्ण सज्ज अवस्थेत ६० टन ठरविले आहे. मांसाच्या देहाचे वजन जेथे ७० टन भरते, तेथे हा धातूचा देह त्याहून हलका ठरतो. तेव्हा हिशेब काटेकोर मानला तर हा महावीर पाण्यात बुडण्याऐवजी तरंगावयास हवा!

जपानी लोकांनी ही शंका कागदावर सोडविली नाही. २००९ साली तोक्योतील ओदाइबा येथे त्यांनी पूर्ण उंचीचा पुतळा उभारला. आणि १९ डिसेंबर २०२० पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत योकोहामाच्या बंदरात १८ मीटर उंचीचा, मान वळविणारा, हात हलविणारा आणि गुडघा टेकणारा गंडम लोकांना पाहावयास मिळाला. त्याचे वजन सुमारे २५ टन होते. मात्र त्याच्या कमरेला पाठीमागून भक्कम आधार जोडलेला होता. स्वतःचा भार स्वतःच्या पायांवर घेऊन तो चालत नव्हता. वर्गघनाचा नियम अशा रीतीने आपल्या जागी अबाधित राहिला.

यावर रसिकांचे उत्तर असे की, गंडमची खरी रणभूमी पृथ्वीवर नसून अंतराळात आहे, आणि तेथे वजनाचा प्रश्न येत नाही. हे उत्तर अर्धे खरे आहे. अंतराळात हात आणि पाय यांचा उपयोग काय, याचेही स्पष्टीकरण मालिकेच्या अभ्यासकांनी दिले आहे. हात एका दिशेने फिरविला की उरलेला देह उलट दिशेने थोडा वळतो, आणि अशा रीतीने इंधन न जाळता यंत्राला आपले तोंड फिरविता येते. हे काल्पनिक नाही. उलटे पडलेले मांजर हवेतल्या हवेत देह पिळून पायांवर उतरते ते याच तत्त्वाने. परंतु दूरवरून अग्निबाण सोडण्याचे शास्त्र इतके पुढे गेले असता भविष्यकाळातील योद्धे समोरासमोर येऊन तलवारीसारख्या शस्त्रांनी का लढतात? येथे कथाकारांनी एक कल्पित कण योजला आहे. मिनोव्हस्की नावाच्या कल्पित शास्त्रज्ञाने शोधलेला हा कण अवकाशात पसरला की बिनतारी लहरी निकामी होतात, रडार आंधळे होते आणि शत्रूला केवळ डोळ्यांनीच पाहावे लागते. ही सोय कथानकासाठी आहे, हे उघड आहे. तथापि तिच्यामागे एक नैतिक हेतूही दिसतो. दुरून कळ दाबणाऱ्याला मरणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. हा कण योजून कथाकाराने योद्ध्यांना एकमेकांच्या समोर आणून उभे केले.

शास्त्राच्या बाजूने या मालिकेत सर्वांत सकस भाग कोणता असेल, तर तो अंतराळातील वसाहतींचा. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक जेरार्ड ओ'नील याने १९७४ साली एका लेखात आणि १९७६ साली 'द हाय फ्रंटियर' या पुस्तकात असे मांडले की, प्रचंड पोकळ नळकांडी अवकाशात स्वतःभोवती फिरत ठेवली, तर त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर वजनाचा भास निर्माण होईल आणि तेथे माती, पाणी, झाडे आणि माणसे नांदू शकतील. पृथ्वी आणि चंद्र यांच्या आकर्षणाचा मेळ बसणारी जी विशिष्ट स्थाने आहेत, तेथे अशी वसाहत फारसे इंधन न खर्चता टिकून राहील. पुस्तक निघाल्यावर तीनच वर्षांनी गंडमने ही कल्पना उचलली. मालिकेतील मानवजात लोकसंख्येच्या भाराने पृथ्वी सोडून अशा वसाहतींत राहावयास गेली आहे आणि तेथून नवे 'वैश्विक शक' मोजले जात आहे.

आता तिसरी शंका, आणि हीच सर्वांत जास्त विचारली जाते. ही एकच कथा आहे की अनेक कथा? कोठून आरंभ करावा? याचे उत्तर असे की, ही एका नदीची गोष्ट नसून एका खोऱ्याची गोष्ट आहे. मुख्य प्रवाह वैश्विक शकाचा. १९७९ ची मूळ मालिका, १९८५ ची 'झीटा गंडम', १९८६ ची 'डबल झीटा', १९८८ चा 'शारचा प्रतिहल्ला' हा चित्रपट आणि २०१० पासून २०१४ पर्यंत आलेली 'युनिकॉर्न' ही या प्रवाहातली मुख्य ठाणी होत. परंतु १९९४ साली 'जी गंडम' आली आणि तिने मूळ इतिहासाशी नाते तोडून नवेच जग कल्पिले. त्यानंतर १९९५ ची 'विंग', २००२ ची 'सीड', २००७ ची 'डबल ओ', २०१५ ची 'लोहरक्ताचे अनाथ' आणि २०२२ ची 'बुधावरची चेटकीण' या मालिकांनी आपापली स्वतंत्र जगे उभारली. या जगांत माणसे वेगळी, शक वेगळा, युद्ध वेगळे. सामाईक एवढेच की, एका तरुणाच्या हाती एक भयंकर यंत्र येते आणि त्या यंत्राचे काय करावे हे त्याला ठरवावे लागते.

'मग यांतील खरी कोणती?' असा पुढचा प्रश्न येतो. मराठी वाचकाला हा प्रश्न अपरिचित नसावा. महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांतून मूळ पाठ निश्चित करण्यासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली काम हाती घेतले, ते १९६६ साली पुरे झाले. पण म्हणून संशोधित आवृत्तीबाहेर राहिलेल्या कथा लोकांच्या मनातून पुसल्या गेल्या काय? गुणाढ्याची बृहत्कथा तर मूळ रूपात आज उपलब्धच नाही. काश्मीरची, नेपाळची आणि जैनांची अशी तिची निरनिराळी रूपेच उरली आहेत, आणि तरीही ती जिवंत आहे. मोठ्या कथेचे असेच होते. अधिकृत आणि अनधिकृत यांचा वाद विद्वानांनी घालावा. प्रेक्षकाने मात्र कोठून आरंभ करावा एवढेच पाहावे. ज्याला सारा वृक्ष मुळापासून पाहावयाचा आहे, त्याने १९८१ आणि १९८२ साली मूळ मालिकेवरून तयार केलेले तीन चित्रपट आधी पाहावेत आणि मग 'झीटा'कडे वळावे. ज्याला एवढी सवड नाही, त्याने 'लोहरक्ताचे अनाथ' किंवा 'बुधावरची चेटकीण' यांपैकी एक घ्यावी. त्यांना पूर्वज्ञान लागत नाही. आणि ज्याला दोन-तीन तासांतच या कथेचे मर्म जाणून घ्यावयाचे आहे, त्याच्यासाठी १९८९ सालची सहा भागांची 'खिशातले युद्ध' ही छोटी मालिका आहे. तिचा विचार पुढे यावयाचा आहे.

चौथी शंका मालिकेच्या पुनर्जन्माविषयी. जी कथा प्रेक्षकांअभावी आवरली, ती पुन्हा उठली कशी? याचे उत्तर शोधताना बीदरच्या माणसाला आपल्या घरची एक ओळखीची वस्तू भेटते. ती म्हणजे जस्त. बिदरी कामाचा गाभा जस्ताचाच असतो. जस्ताचे सुमारे १६ भाग आणि तांब्याचा १ भाग असे मिश्रण वितळवून वाळूच्या साच्यात ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवितात, आणि शेवटी किल्ल्यातील विशिष्ट माती व नवसागर यांच्या पाण्यात बुडविले की जस्त काळेभोर होते आणि चांदी उजळून निघते. बहामनी काळापासून चालत आलेल्या या कारागिरीला २००६ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. हेच जस्त जपानी खेळण्यांच्या धंद्याचाही पाया होते. 'माझिंगर झेड'च्या कथेत यंत्रपुरुष एका कल्पित अतिमिश्रधातूचा बनलेला आहे. त्या धातूचे 'चोगोकिन' हे नाव घेऊन पोपी या कंपनीने १९७४ साली जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव खेळणी बाजारात आणली आणि ती अतोनात खपली. यंत्रपुरुषांच्या मालिका या वस्तुतः अशा खेळण्यांच्या जाहिरातीच असत. खेळणी करणारी कंपनी पैसा पुरवी आणि चित्रकार त्या पैशात कथा बसवीत.

गंडमची पुरस्कर्ती कंपनी क्लोव्हर ही होती. तिची खेळणी लहान मुलांसाठी होती, पण कथा पाहणारे होते ते थोराड विद्यार्थी. खेळणी खपेनात, तेव्हा मालिकाही आवरली. पुढे पुनःप्रक्षेपण झाले, आणि जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने ३०० येन किमतीचा, मूळ मापाच्या १४४ व्या भागाचा, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करावयाचा नमुना काढला. येथे वस्तू तयार मिळत नव्हती; ती स्वतःच्या हाताने घडवावी लागत होती. चौकटीत अडकलेले भाग कातरून काढावयाचे, घासावयाचे, जोडावयाचे, रंगवावयाचे. जो मुलगा चार संध्याकाळी खपून एक यंत्र उभे करतो, त्याचे त्या यंत्राशी नाते दुकानातून उचललेल्या खेळण्यापेक्षा निराळे असते. हे बिदरीच्या कारखान्यात छिन्नी धरलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी तोक्योतील शिंजुकु येथे पहिल्या चित्रपटाच्या निमित्ताने तरुणांचा मोठा मेळावा जमला, आणि रेखाचित्रांची कथा ही केवळ बालकांची करमणूक नव्हे, अशी घोषणा तेथे करण्यात आली. नफ्यातोट्याच्या वहीने जी कथा मारली, ती रसिकांच्या हातांनी जगविली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र याच ठिकाणी एक विसंगतीही जन्मली. युद्धाचा तिटकारा यावा म्हणून सांगितलेली कथा युद्धयंत्रांच्या प्रतिकृती विकून जगू लागली. ही विसंगती मालिकेच्या कर्त्यांना माहीत आहे, आणि तिच्यातून त्यांची सुटका आजतागायत झालेली नाही.

यातूनच पाचवी आणि सर्वांत गंभीर शंका उद्भवते. या कथेत सज्जन कोण आणि दुर्जन कोण? मूळ मालिकेचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांचा जन्म १९४१ सालचा. म्हणजे त्यांच्या बालपणाची पहिली वर्षे महायुद्धाच्या आणि पराभवाच्या छायेत गेली. त्यांच्या कथेत अंतराळातील वसाहतवासीयांची स्वायत्ततेची मागणी मुळात न्याय्य आहे. दूर बसलेले पृथ्वीचे सरकार त्यांच्या सुखदुःखाविषयी बेपर्वा आहे. पण ती न्याय्य मागणी झाबी नावाच्या घराण्याच्या हाती पडते, झिऑनचे राज्य हुकूमशाही बनते आणि युद्धाच्या आरंभीच वसाहतींवर विषारी वायू सोडून व एक अख्खी वसाहत पृथ्वीवर पाडून अपरंपार संहार करते. मालिकेच्या आरंभी निवेदक सांगतो की, मानवजातीचा निम्मा भाग या युद्धात नष्ट झाला. अशा वेळी आमुरो रे हा पंधरा वर्षांचा मुलगा अपघातानेच गंडममध्ये चढतो. त्याला कोणी शिक्षण दिलेले नाही. तो जिंकतो, पण प्रत्येक विजयानिशी त्याची झोप आणि त्याचे बालपण कमी होत जाते. पुष्कळ दिवसांनी आई भेटते, तेव्हा तिच्यासमोरच तो शत्रूच्या सैनिकावर गोळी झाडतो. आणि आपला मुलगा हे करू शकतो या जाणिवेने ती माउली हादरते. उलट शत्रुपक्षातील रांबा राल हा सेनानी वाळवंटातल्या एका खाणावळीत या मुलाच्या धैर्याचे मनापासून कौतुक करतो. पुढे त्या दोघांना एकमेकांशी लढावे लागते. शत्रूला नाव आहे, घर आहे, त्याच्यावर प्रेम करणारी माणसे आहेत, हे एकदा कळल्यावर विजयाची चव पूर्वीसारखी राहत नाही.

ही शिकवण बीदरच्या भूमीला परकी नाही. मे १९४८ मध्ये आजच्या बसवकल्याण तालुक्यातील गोरटा या गावी रझाकारांनी निरपराध माणसांची कत्तल केली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थान मुक्त केले; परंतु त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर सूडाची जी आग लोटली, तिची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेड यांच्याबरोबर बीदरचेही नाव घेतले. न्याय्य मुक्तीच्या मागूनही अन्याय येऊ शकतो, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत रडणारी माणसे असतात, हे येथील वडीलधाऱ्यांना कोणत्याही चित्रमालिकेतून शिकावे लागले नाही. पुढे १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके एकीकडे आणि उरलेला बीदर जिल्हा दुसरीकडे गेला. दूरच्या राजधानीत काढलेल्या रेषेवर राहणे म्हणजे काय, हेही येथे ठाऊक आहे. म्हणूनच गंडममधील वसाहतवासीयांचे गाऱ्हाणे येथील तरुणाला चटकन समजते. आणि त्याचबरोबर गाऱ्हाणे खरे असले म्हणजे केलेले प्रत्येक कृत्य खरे ठरत नाही, हा कथेचा दुसरा अर्धा भागही त्याने तितक्याच चटकन समजून घेतला पाहिजे.

शेवटची शंका आईबापांची: ही मालिका मुलांना दाखवावी काय? तिच्यात मृत्यू आहेत, आणि ते खेळातले मृत्यू नाहीत. म्हणून अगदी लहान मुलांसाठी ती नव्हे. परंतु बारा-चौदा वर्षांच्या मुलाने ती वडीलमाणसाबरोबर पाहावी, हे उत्तम. त्यासाठी वर उल्लेखिलेली 'खिशातले युद्ध' ही मालिका सर्वांत उपयुक्त आहे. तिचा नायक आल्फ्रेड हा शाळकरी मुलगा आहे. युद्धात तटस्थ असलेल्या वसाहतीत तो राहतो. युद्धयंत्रांचे त्याला विलक्षण वेड. आकाशात झुंज दिसली की तो टाळ्या पिटतो. बर्नी नावाच्या शत्रुपक्षाच्या एका तरुण सैनिकाशी त्याची मैत्री जमते. शेजारची क्रिस्टिना ही त्याला मोठ्या बहिणीसारखी असते. बर्नी आणि क्रिस्टिना एकमेकांना माणूस म्हणून ओळखतात, आवडूही लागतात. पण यंत्राच्या पोटात समोर कोण आहे हे त्यांना ठाऊक नसते. गंडमची चालक क्रिस्टिनाच असते, आणि तिच्याच हातून बर्नी मरतो. हे सत्य फक्त त्या मुलाला माहीत राहते, आणि तो ते तिला कधीच सांगू शकत नाही. शाळेच्या सभेत त्याला रडू आवरत नाही. त्याचे मित्र त्याची समजूत घालतात की, रडू नकोस, लवकरच पुन्हा युद्ध होईल, आणि तेव्हा याहूनही झकास यंत्रे पाहावयास मिळतील.

या सांत्वनातच साऱ्या मालिकेचे सार आहे. त्या मित्रांच्या ठिकाणी दुष्टपणा नाही, केवळ अज्ञान आहे. काही दिवसांपूर्वी आल्फ्रेडही तसाच होता. यंत्राचे कौतुक वाटणे यात गैर काहीच नाही. बीदरच्या आकाशात सूर्यकिरणाची विमाने एका ओळीत वळतात तेव्हा कोणाचे मन उचंबळून येत नाही? बहामनी बुरुजांवरच्या अजस्र तोफा पाहूनही पाहणारा थबकतोच. परंतु त्या विमानात बसलेला तरुण वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने आणि शिस्तीने तेथे पोहोचलेला असतो, आणि आपल्या हाती काय आहे याची जाणीव त्याला करून दिलेली असते. आमुरोला ती कोणी करून दिली नव्हती. कौतुक आणि जाणीव या दोहोंतील अंतर मुलांना दाखविण्याचे काम एरवी अवघड असते. एका जपानी चित्रमालिकेने ते साडेचार दशके चालविले आहे. तेव्हा घरातील मुलाने 'यांतला सर्वांत बलवान गंडम कोणता?' असे विचारले, तर त्याला क्रमांक आणि वजन अवश्य सांगावे. आणि त्याच्याबरोबर 'त्याच्यासमोर कोण उभा होता?' हा प्रश्नही त्याला परत विचारावा.